जुना ट्रॅक्टर दारात आणताना

गेल्या महिनाभरात दोन गावांतल्या गटांकडून एकच प्रश्न आला. नवा ट्रॅक्टर परवडत नाही, पंचवीस-तीस वर्षांचा जुना मिळतोय, गटाच्या पैशातून घ्यावा का? दोघींनाही मी म्हटलं, फोनवर नको, कार्यक्रमात सांगते. दोन वाक्यांत बसणारं उत्तर नाही ते. आमच्या गटाने चार वर्षांपूर्वी असाच एक जुना ट्रॅक्टर घेतला. त्यात फसता फसता वाचलो ते, आणि कशात खरोखर फसलो तेही आज सांगते. वही-पेन जवळ घ्या. चुलीवर दूध असेल तर आधी ते उतरवा.

पहिली गोष्ट, जुनं यंत्र म्हणजे भंगार नव्हे. उद्या रानात जाताना गावातली जुनी यंत्रं मोजत जा, तुमचं तुम्हालाच नवल वाटेल. आमच्या नदीकाठच्या मळ्यात एक लिस्टर टाइप इंजिन आहे. एकच सिलिंडर, दोन्ही अंगांना जड लोखंडी चाकं, आणि लांबून ऐकू येणारा पुक पुक आवाज. वीज नसते तेव्हा आजही त्यावर पाणी उपसतात. मूळ हे इंजिन इंग्लंडमधल्या डर्सली गावातल्या लिस्टर कंपनीचं, १९२९ सालचं. पुढे आपल्याकडे राजकोटच्या कारखान्यांनी तसंच इंजिन बनवायला घेतलं आणि ते गावोगावी गेलं. पिठाच्या गिरण्या चालल्या त्या त्यावरच. ताकद सहा हॉर्सपॉवरची आणि वेग मिनिटाला फक्त ६५० फेरे. आजची छोटी डिझेल इंजिनं याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने फिरतात. हळू फिरतं म्हणून झिजतंही हळू, आणि उघडलं तर आत काय चाललंय ते साध्या फिटरलाही दिसतं.

लोखंडाला आपली माणसं आधी घाबरली होती, हे विसरू नका. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३ साली लोखंडी नांगर बनवला, तेव्हा तो कोणी घेईना. लोखंडाने जमीन नासते, विष भिनतं, असं लोक म्हणायचे. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. ती आमच्या सांगली जिल्ह्यातच. माझ्या आजेसासूबाई सांगायच्या, त्यांच्या सासऱ्यांनी पहिला लोखंडी नांगर आणला तेव्हा आठ दिवस घरात अबोला होता. त्याच नांगराचा फाळ आज आमच्या गोठ्याच्या दाराला अडणा म्हणून लावलाय. हे मात्र कामात नसलेलं जुनं. आपण कामातल्या जुन्याकडे वळू.

आपल्या देशात ट्रॅक्टर बनायला लागले ते १९५९ च्या सुमारास. फरिदाबादला आयशर निघाला. १९६० मध्ये मद्रासला टॅफे सुरू झाली, मॅसी फर्ग्युसन बनवणारी. १९६३ मध्ये महिंद्राने परदेशी इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीला बरोबर घेऊन कंपनी काढली, आणि मुंबईच्या कांदिवलीतून बी-२७५ बाहेर पडला. १९७४ मध्ये पंजाबातून स्वराज ७२४ आला. त्याची रचना पूर्णपणे आपल्या देशातली होती. हरियाणात पिंजोरला सरकारी एचएमटीचा कारखाना होता, चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरची रचना घेऊन बनवलेला. तो कारखाना २०१६ मध्ये बंद करायचं सरकारने ठरवलं. पण एचएमटीचे ट्रॅक्टर काही त्या दिवशी बंद पडले नाहीत. अजून रानात आहेत.

हे सगळं कशाला सांगितलं? तर यातून एक हिशेब निघतो. जुना ट्रॅक्टर निवडताना आधी रंग बघू नका, नाव बघू नका. तालुक्याच्या बाजारात स्पेअर पार्टच्या दुकानात जा आणि विचारा, या मॉडेलची क्लच प्लेट आहे का, वॉटर पंप आहे का, हेड गॅस्केट आहे का? दुकानदार मागे वळून फळीवरून काढून देत असेल तर तो ट्रॅक्टर आपल्या कामाचा. "मागवून देतो" म्हणाला, तर पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर आठ दिवस उभा राहणार. आमच्या भागात मॅसी १०३५ आणि महिंद्राचे सामान पटकन मिळतं, म्हणून आम्ही त्यातच बघितलं. तुमच्या भागात वेगळं असेल.

जुने ट्रॅक्टर टिकतात याचं कारणही ऐका. त्यांत कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. डिझेल टाकीतून फिल्टरमध्ये येतं, तिथून पंपात, पंपातून नोझलला, नोझलमधून सिलिंडरमध्ये फवारलं जातं. एवढाच प्रवास. सेल्फने किंवा उतारावर ढकलून एकदा सुरू झालं, की बॅटरी काढून टाकली तरी बहुतेक जुनी डिझेल इंजिनं चालत राहतात. बिघाड झाला तर तो कानाने, नाकाने आणि डोळ्याने सापडतो. भाकरी करपली की आपल्याला पडवीतून कळतं ना, तसंच.

आता खरेदीबद्दल. आमच्या गटात आम्ही अकरा जणी. पहिला ट्रॅक्टर बघायला गेलो तो तांबडाभडक, नुकता रंगवलेला. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात घुरघुरत उभाच होता. मालक म्हणाला, "बघा, एका झटक्यात चालू होतो." आमच्यातल्या दोघी तिथंच भुलल्या. पण आमच्याबरोबर गावातले एक म्हातारे मिस्त्री होते. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरींनो, गरम केलेलं इंजिन कुणाचंही चालू होतं. उद्या सकाळी न सांगता या." दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर तो ट्रॅक्टर तिघांनी ढकलूनही सुरू होईना. झाला तेव्हा सायलेन्सरमधून निळा धूर.

धुराचा रंग ओळखायला शिका, ते अवघड नाही. काळा धूर म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही. हवेचा फिल्टर तुंबलेला असेल किंवा नोझल, पंप बिघडलेला असेल. ओझ्याखाली थोडा काळा धूर येतोच, मोकळं उभं असताना येऊ नये. निळा धूर म्हणजे इंजिनातलं ऑईल जळतंय. रिंगा, लायनर झिजलेत, मोठा खर्च येणार. पांढरा धूर थंडीत सुरुवातीला येतो आणि जातो. इंजिन तापल्यावरही पांढराच येत राहिला, तर सिलिंडरमध्ये पाणी उतरत असेल किंवा डिझेल कच्चं बाहेर पडत असेल.

मग ऑईलचं गेज ओढून बघा. ऑईल काळं असलं तर हरकत नाही, डिझेल इंजिनात ते काळं होतंच. पण दुधाळ, चहाच्या रंगाचं दिसलं तर आत पाणी मिसळलंय. इंजिन गार असतानाच रेडिएटरचं झाकण काढा, मग सुरू करायला सांगा. पाण्यात सारखे बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केट गेलंय. गरम इंजिनाचं झाकण मात्र कधीच उघडू नका, वाफेने तोंड भाजतं. इंजिनाला एक ब्रीदर असतो, छोटी नळी किंवा टोपी. तिच्यातून भसाभसा धूर येत असेल, तर विकणारा कितीही शपथा घेवो, इंजिन थकलंय असं समजा.

लिफ्ट बघायला नांगर किंवा जड अवजार लावून वर उचला आणि इंजिन बंद करा. जुन्या लिफ्टला अवजार हळूहळू खाली येणार, ते चालतं. एका मिनिटात जमिनीला टेकलं तर पैसे कापून बोला. स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवा, चाक न हलता ते किती मोकळं फिरतं ते बघा. ब्रेकचे दोन पेडल असतात, डाव्या चाकाचा वेगळा, उजव्याचा वेगळा. दोन्ही सारखे धरतात का? दोन्ही पेडल एकत्र जोडायची पट्टी जागेवर आहे का? ही पट्टी नसलेले किती ट्रॅक्टर मी बघितलेत! रानात वळताना एकेक ब्रेक कामाला येतो, पण रस्त्याला लागल्यावर पट्टी लावलीच पाहिजे. नाहीतर घाईत एकाच पेडलवर पाय पडतो आणि ट्रॅक्टर एकदम एका अंगाला ओढला जातो.

टायर आणि क्लच या दोन्हीला नवा खर्च धरूनच चला. आम्ही १९९७ सालचा मॅसी १०३५ एक लाख पंच्याऐंशी हजाराला घेतला. पहिल्या दोन महिन्यांत क्लच आणि मागचा एक टायर मिळून चाळीस हजार अजून घातले. भाव करताना हे आकडे डोक्यात नव्हते, ही आमची कच्ची बाजू.

खरी फसगत झाली ती कागदात. आरसी बुकावर बँकेचा बोजा होता. मालकाने कर्ज कधीच फेडलं होतं, पण नोंद उतरवली नव्हती. "होईल ते" म्हणाला आणि आम्ही पैसे देऊन मोकळ्या झालो. मग बँकेचा दाखला, फॉर्म ३५, मालकाच्या सह्या, या सगळ्यात पाच महिने गेले. तोवर गाडी आमच्या नावावर होईना. तेव्हा ऐका. पैसे द्यायच्या आधी आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतः लोखंडावर वाचून जुळवा. बोजा असेल तर तो उतरल्यावरच पूर्ण पैसे द्या. गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. आणि खाजगी नोंदणीची गाडी १५ वर्षांची झाली की नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागते, ती पुढे पाच-पाच वर्षांची मिळते. ती संपलेली असेल तर कुणाच्या खर्चाने करायची, हे आधीच बोलून घ्या. ट्रॉली असेल तर तिची नोंदणी वेगळी.

आणि नाव कुणाचं? आमचा गट नोंदणी झालेली संस्था नाही, म्हणून गाडी गटाच्या नावावर चढेना. तेव्हा घरोघरी पुरुष मंडळी म्हणायला लागली, माझ्या नावावर करा की. आम्ही एका सभासद बाईच्या नावावर केली आणि स्टॅम्प पेपरवर अकरा जणींच्या सह्यांनी लिहून ठेवलं, की पैसे सगळ्यांचे, हिस्सा सगळ्यांचा, विकायचं तर सगळ्यांच्या संमतीने. तुम्हीही हे लिहून ठेवा. जिभेवरच्या वाटण्या दोन हंगाम टिकतात.

आता एक जण विचारेल, सरकारी अनुदान सोडून जुन्याच्या मागे का लागायचं? अनुदान बघाच. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत महिला शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी ५० टक्के किंवा १ लाख २५ हजार रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम मिळते. पण ती नव्या ट्रॅक्टरलाच, आणि उरलेले चार-पाच लाख कुठून तरी उभे करायचेच. सातबारा नावावर असलेली बाई गटात असेल तर आधी हा रस्ता तपासा. आमच्यात अशी एकच होती आणि तिला कर्ज नको होतं.

आता ज्यासाठी मी मुख्यतः बोलायला बसले, ते सांगते.

माझ्या थोरल्या जाऊबाई. बारा वर्षांपूर्वी शेजारच्या खळ्यावर मळणी चालू होती. जुना ट्रॅक्टर, जुनं मळणी मशीन. ट्रॅक्टरच्या मागून मशीनला जोडणारा जो दांडा फिरतो, त्याला आपण पीटीओ शाफ्ट म्हणतो. त्यावरचं कव्हर कधीच काढून टाकलेलं होतं, ग्रीस मारायला अडचण होते म्हणून. जाऊबाई पाटी घेऊन पलीकडे जायला त्या दांड्यावरून ओलांडायला गेल्या. पदर खाली लोंबत होता.

हिशेब करून बघा. तो दांडा मिनिटाला ५४० फेरे फिरतो. म्हणजे सेकंदाला नऊ. मुसळाएवढा जाड दांडा, एका फेऱ्यात वीतभर कापड गुंडाळतो. सेकंदाला नऊ वीत. अख्खी नऊवारी गुंडाळायला चार-पाच सेकंद पुरतात. "बंद कर" म्हणून ओरडायला आणि पलीकडच्या माणसाला ते ऐकू जाऊन त्याने क्लच दाबायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. जाऊबाई जगल्या, कारण साडी जुनी, विरलेली होती आणि फाटली. उजवा हात कोपरापासून गेला.

तेव्हा सगळे म्हणाले, "साडी सावरायला नको का?" मला तेव्हाही राग आला होता, आजही येतो. पदर खोचायचा, वरून शर्ट घालून बटणं लावायची, केस बांधायचे, मंगळसूत्र आत टाकायचं, हे सगळं आपण करायचंच. पण चूक साडीची नाही, उघड्या दांड्याची आहे. त्या दांड्यावर प्लॅस्टिकचं नळीसारखं कव्हर असतं, दोन्ही टोकांना घंटेसारखं रुंद. दांडा आत फिरतो, कव्हर एका साखळीने बांधलेलं असतं, ते फिरत नाही. जुन्या ट्रॅक्टरबरोबर ते जवळजवळ कधीच मिळत नाही. वेगळं विकत घ्यावं लागतं, आणि अख्ख्या ट्रॅक्टरच्या किमतीपुढे ती रक्कम काहीच नाही. आम्ही ट्रॅक्टर घेतला त्याच दिवशी ते घेतलं. जाऊबाई आमच्या गटात आहेत, डाव्या हाताने हिशेबाची वही लिहितात. त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय, कव्हर नाही तर भाडं नाही. दोन गिऱ्हाइकं त्यावरून परत गेली आहेत.

मळणी मशीनच्या घास लावायच्या तोंडाकडेही बघा. ते निदान ९० सेंटिमीटर लांब हवं आणि त्यातला अर्धा भाग वरून झाकलेला हवा, म्हणजे हात आतल्या दातांपर्यंत पोचत नाही. जुन्या मशीनला ते आखूड आणि उघडं असतं. गावातला वेल्डर एका दिवसात पत्रा जोडून देतो. मळणी मशीनवर इतके हात जात होते, की १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदाच करावा लागला. कडबा कुट्टीचंही तेच. हाताने चाक फिरवायची जुनी कुट्टी होती तेव्हा हात थांबला की चाकही लवकर थांबायचं. आता त्याच जुन्या यंत्राला मोटर लावतात आणि ते कुणासाठी थांबत नाही. पात्यांवर जाळी आणि पट्ट्यावर झाकण लावल्याशिवाय मोटर जोडू देऊ नका. पोरं घरात खेळत असतात.

जाऊबाईंना एक रुपयाची मदत मिळाली नव्हती, कारण कुठे अर्ज करायचा तेच माहीत नव्हतं. आता शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात अनुदान योजना आहे. सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि घरातली आणखी एक व्यक्ती तिच्यात येते. मृत्यू झाला तर दोन लाख, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर एक लाख. अर्ज तालुका कृषी कार्यालयात, ३० दिवसांच्या आत. हे ३० दिवस लिहून ठेवा.

दुसरा धोका उलटण्याचा. जुन्या ट्रॅक्टरला डोक्यावर लोखंडी चौकट नसते. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरला ती सक्तीची केली, आपल्याकडचे जुने ट्रॅक्टर मात्र उघडेच. चिखलात रुतला की माणसं मागे उंचावर, सीटखाली कुठेतरी साखळी बांधून ओढतात. मागची चाकं अडकलेली असतात, इंजिन जोर करतं, आणि चाक फिरायच्या ऐवजी ट्रॅक्टरचं तोंडच वर उचललं जातं. मागे पालथा व्हायला दोन सेकंदही लागत नाहीत. साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच, चाकाच्या आसापेक्षा खाली.

पूर्वी तर नुसता नांगर दगडाला अडला तरी ट्रॅक्टर असे उलटायचे. त्यावर उपाय शोधला हॅरी फर्ग्युसन नावाच्या उत्तर आयर्लंडमधल्या शेतकऱ्याच्या मुलाने. ट्रॅक्टरच्या मागे जे तीन हात असतात, दोन खाली आणि एक वर, ज्यांना आपण अवजार अडकवतो, ती त्याची जोडणी. अवजार अडलं की वरचा हात ट्रॅक्टरला पुढे दाबतो, तोंड उचलू देत नाही. १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत त्याचे छोटे करडे ट्रॅक्टर पाच लाखांवर बनले. मॅसी फर्ग्युसनमधला फर्ग्युसन तो हाच. आता जगातल्या जवळजवळ सगळ्या ट्रॅक्टरांना तीच जोडणी असते, म्हणून तर आपला जुना नांगर नव्या ट्रॅक्टरला आणि नवा रोटर जुन्याला लागतो.

मधेच एक सांगते, कारण गटातल्या पोरी विचारतात, बायका ट्रॅक्टर चालवतात का? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधले पुरुष लढाईवर गेले, तेव्हा बायकांची शेतीसेना उभी राहिली. १९४४ साली तिच्यात ८० हजारांवर बायका होत्या. हँडल मारून सुरू करायचे फोर्डसन ट्रॅक्टर त्यांनी चालवले आणि देशाला धान्य पुरवलं. आमच्या अकरांपैकी दोघींनी लायसन काढलंय. पहिल्या हंगामात लोक बांधावर उभं राहून बघायचे. आता सकाळी फोन येतो, "वहिनी, आज नंबर लागेल का?"

हँडलवरून आठवलं. लिस्टरसारखं इंजिन हाताने सुरू करायचं असेल, तर आधी डिकॉम्प्रेशनचा खटका वर करा, मग फिरवा, वेग आला की खटका पाडा. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, वळसा घालून मूठ मिटू नका. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटून जायला हवं. मूठ मिटलेली असेल तर अंगठा नाहीतर मनगट मोडतं.

देखभालीचं थोडक्यात. जुन्या ट्रॅक्टरला हवेच्या फिल्टरखाली तेलाची वाटी असते, धूळ त्या तेलात बसते. मळणीच्या आणि रोटरच्या दिवसांत ती रोज उघडून बघा. तळाला चिखल साठला की ओतून, पुसून, नवं ऑईल खुणेपर्यंत भरा. आमच्या मिस्त्रींच्या मते निम्मी इंजिनं या वाटीकडे दुर्लक्ष केल्यानेच मरतात, आणि मला ते पटतं. डिझेल संपू देऊ नका. संपलं की नळ्यांत हवा शिरते आणि मग फिल्टरचा स्क्रू सैल करून हातपंपाने हवा काढत बसावं लागतं. हे प्रत्येकीने एकदा करून शिकावं, मिस्त्रीची वाट बघत अर्धा दिवस जातो. नोझलमधून उडणारं डिझेल मात्र हात लावून तपासू नका, त्याचा दाब कातडीत शिरण्याइतका असतो. संध्याकाळी टाकी भरून ठेवली तर रात्रीच्या गारव्याने आत पाणी सुटत नाही. आणि उभा करताना अवजार नेहमी खाली टेकवून ठेवा.

पैशाचा हिशेब तासांवर ठेवा. किती तास चालला, किती डिझेल गेलं, कुणाच्या रानात. आमचा नांगरटीला तासाला चारेक लिटर खातो. ते एकदम सहावर गेलं, तर एकतर ट्रॅक्टर आजारी आहे किंवा डिझेल दुसरीकडे जातंय. वहीशिवाय दोन्ही कळत नाही. दर तासाच्या भाड्यातले ठरलेले पैसे आम्ही दुरुस्तीच्या खात्यात वेगळे टाकतो, ते कर्जाऊ कुणालाही देत नाही, अगदी लग्न असलं तरी. मागच्या वर्षी पंप उघडावा लागला तेव्हा वर्गणी काढायची वेळ आली नाही ती त्यामुळेच.

एक मात्र आम्ही बंद केलं. ट्रॉलीत माणसं बसवणं. शेतीकामाच्या ट्रॅक्टरचा विमा ट्रॉलीत बसलेल्या मजुरांना धरत नाही, आणि भांगलणीला, यात्रेला ट्रॉलीत बसणाऱ्या सगळ्या आपल्याच बाया असतात. भाडं बुडतं, लोक नावं ठेवतात. ठेवू देत.

ज्या दोन गटांनी विचारलं होतं, त्यांनी ट्रॅक्टर बघायला जायचा दिवस ठरला की कार्यक्रमाच्या नंबरवर कळवा. आमच्यातली एक जण येईल. फक्त मालकाला वेळ सांगू नका, आणि सकाळी सातच्या आत पोचा, इंजिन गार असताना.